लिएझन ऑफिसमधून बिल काढता येत नाही

परदेशी बांधकाम कंपनीने मुंबईत लिएझन ऑफिस (संपर्क कार्यालय) उघडून तिथूनच बिलं काढली तर चालेल का, असं एकाने विचारलंय. अजिबात नाही. फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) २०१६च्या नियमांनुसार ते फक्त संपर्कासाठी. कमाई शून्य, सगळा खर्च मूळ कंपनीने बाहेरून पाठवायचा. शिवाय इतरांना साधारण ३ वर्षांची परवानगी मिळते, बांधकामवाल्यांना दोनच, तीही न वाढणारी (पायाभूत सुविधांच्या कंपन्या यात धरत नाहीत). भारतीय कंपनीचं कंत्राट हातात असेल तर प्रोजेक्ट ऑफिसचाच (त्या कामापुरत्या कार्यालयाचाच) विचार करा.

आणि ऑफिस उघडल्यापासून ३० दिवसांत एफसी-१ (परदेशी कंपनीच्या नोंदणीचा फॉर्म) भरायचाय, हे कृपया लक्षात ठेवा. मी हाताळलेल्या एका प्रकरणात भाडेकरार, ठराव, सगळं तयार होतं. मूळ कंपनीच्या घटनापत्राचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर तेवढं नव्हतं. त्यातच दिवस गेले. ते आधी करून घ्या.