सूची सोपी करा म्हणे! मग 'रुमाल' कुठे शोधणार?

बाळीवेसकर
परवा एका गटावर एक पोस्ट फिरत होती. मथितार्थ असा: अभिलेखागारांच्या (जुने सरकारी कागद जपणाऱ्या कचेऱ्यांच्या) सूच्या बाबूंनी मुद्दाम अगम्य ठेवल्यात, रुमाल, रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), कंपायलेशन (एका प्रकरणाचे एकत्र लावलेले कागद), के.डब्ल्यू. हे सगळं काढून सूची सोप्या मराठीत, विषयवार नव्यानं लिहा. खाली शे-दीडशे टाळ्या. गप्प बसणार होतो, राहवलं नाही.

अहो, रुमाल हा कागदांचा पत्ता आहे. पुण्यात पेशवे दफ्तराचे कागद कापडात बांधलेले असतात, ते गाठोडं म्हणजे रुमाल. आजवर ज्यानं ज्यानं तिथे काम केलं त्यानं तळटीपेत रुमालाचा क्रमांक दिलाय. उद्या तुम्ही 'शेतीविषयक कागद, संच ४' असं गोंडस नाव दिलंत की त्या सगळ्या तळटीपा मेल्या.

दुसरं, विषयवार. अभिलेखागार म्हणजे वाचनालय नव्हे. कागद ज्या खात्यानं निर्माण केला त्या खात्याखालीच राहतो. सोलापूरजवळच्या एकरुख तलावाचे कागद 'सोलापूर' शब्द टाकून शोधाल तर जन्म जाईल. पब्लिक वर्क्स खात्याच्या इरिगेशनमध्ये बघा. आधी विचारायचं, हा कागद कोणत्या साहेबाच्या टेबलावर जन्मला असेल? आणि इंग्रजी सूचीत 'शोलापूर' असं टाका, एस-एचवालं. निम्मे लोक इथेच हात हलवत परत येतात आणि वर म्हणतात, सोलापूरचं काहीच जपलं नाही.

के.डब्ल्यू. म्हणजे 'कीप विथ'. या फायलीसोबत आणखी कागद जोडलेत, तेही मागा. किती कामाची खूण आहे! ही काढायची?

साधा_वाचक
ती पोस्ट माझीच. टाळ्या मोजल्याबद्दल आभार.

तुम्हाला सगळं येतं, छान. मी एका मोठ्या सरकारी अभिलेखागारात गेलो होतो. मागणीच्या चिठ्ठ्या भरल्या, दिवसभर बसलो. संध्याकाळी चिठ्ठ्या परत आल्या, प्रत्येकीवर लाल शाईनं 'एन.टी.'. खिडकीवर विचारलं तर उत्तर, "नाही." काय नाही? "फाईल नाही." पुढे एका संशोधक मुलीनं सांगितलं, एन.टी. म्हणजे 'नॉट ट्रान्सफर्ड'. मूळ खात्यानं फाईल दिलेलीच नाही. म्हणजे सूचीत नाव आहे आणि कपाटात ती कधी आलीच नाही! हे भिंतीवर लिहून ठेवायला काय होतं? वर तुमच्यासारखे येऊन म्हणणार, शिकून या.

बाळीवेसकर
एन.टी. भिंतीवर लावा, माझी ना नाही. पण तुमच्या पोस्टमध्ये 'काढून टाका' होतं, 'समजावून सांगा' नव्हतं.

वतनाचा_वाद
मला आमच्या वतनाचं सांगू द्या. सूचीत तारखेच्या रकान्यात नुसतं ११७१. तो कोणता सन ते नाही: ना फसली (महसुली सन), ना शुहूर (मराठी दफ्तरातला अरबी आकड्यांचा सन). आमच्या मोडीवाल्यानं (मोडी लिपी वाचून देणाऱ्यानं) फसली धरून ५९० मिळवले आणि कागद थेट १७६१ मध्ये, पानिपतच्या वर्षात नेऊन ठेवला. वकिलानं तसाच लावला. मग दुसऱ्या जाणकारानं आत वाचून दाखवलं, 'इहिदे सबैन मया व अलफ', हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळवायचे, म्हणजे १७७०. नऊ वर्षांचा फरक! समोरच्या पार्टीनं तेवढ्यावर आमचा कागद बनावट ठरवायचा घाट घातला. फी मात्र दोघांनीही पानागणिक घेतली.

मोडीप्रेमी
सरसकट मोडीवाल्यांना झोडू नका. दोन्ही सनं मृगालाच सुरू होतात, त्यामुळे जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला आणखी एक मिळवावा लागतो. सूची करणाऱ्यानं मूळ सन लिहून शेजारी इसवी सन दिला असता तर तुमचा वकीलही वाचला असता.

साधा_वाचक
बघा! मी वेगळं काय म्हणतोय?

चार_पुतळा
फसलीचं राहू द्या बाजूला. माझा राग वेगळा आहे. १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल. आपल्या गावातला शेंबडा पोरगाही मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ही चार नावं घडाघडा सांगतो. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. आणि सूचीत काय? 'डिस्टर्बन्सेस'. 'रायट्स'. स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षं झाली, अजून हुतात्मे दंगलखोरच?

बाळीवेसकर
ते शीर्षक फायलीवर इंग्रजानं स्वतः लिहिलंय. तो काय 'स्वातंत्र्यलढा' लिहिणार होता? त्यानं काय म्हटलं हाही पुरावाच आहे. मार्शल लॉचं शोधायचं तर गृहखात्याच्या फायलींत, मुंबईत 'होम स्पेशल', दिल्लीत 'होम पोलिटिकल' आणि शब्द त्याचाच टाकायचा.

चार_पुतळा
काय बोललाव बे! म्हणजे माझ्या गावच्या हुतात्म्यांना शोधायला मी त्यांना आधी दंगलखोर म्हणायचं? तुम्ही म्हणा. माझी बोटं नाही वळणार.

बाळीवेसकर
बोटं वळली नाहीत तर फाईल मिळणार नाही. भावना आणि शोध यांत गल्लत करू नका.

मोडीप्रेमी
दोघंही जरा पाणी प्या.

सेटलमेंटचा_नातू
'भावना' हा शब्द वाचला म्हणून लिहितो, एरवी नुसता वाचत असतो. माझे पणजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये होते, म्हणजे सरकारनं 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना कोंडायच्या वसाहतीत, तारेच्या आत. त्यांचा माग काढायचा तर सूचीत एकच किल्ली चालते: 'क्रिमिनल ट्राइब्स'. शोधाच्या चौकटीत मी स्वतः ते टाईप केलंय, शेजारी माझी मुलगी बसली होती. तिनं विचारलं, पणजोबांनी काय चोरलं होतं? काहीच नाही. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि तो कायदा जायला १९५२ उजाडलं.

बाळीवेसकर, तुम्ही तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहात. ते नाव खोडलं तर आमच्यावर काय केलं याचा कागदच हरवेल, म्हणून मला ते खोडायचं नाहीये. पण त्या शीर्षकाला अवतरणचिन्ह लावून खाली 'विमुक्त जमाती, सोलापूर सेटलमेंट' अशी एक ओळ घालायला कोणाची हरकत आहे? माझ्या मुलीनं त्या ओळीवरून शोधावं.

चार_पुतळा
हेच मला म्हणायचं होतं.

मोडीप्रेमी
तुम्हाला हे म्हणायचं नव्हतं. पण असू द्या.

बाळीवेसकर
मूळ शीर्षक जसंच्या तसं आणि खाली आजच्या शब्दांत विषय, याला माझा विरोध कधीच नव्हता. (नव्हता म्हणजे, तसा कोणी विचारलाच नव्हता.) इसवी सनाचा रकानाही घाला. पण क्रमांक, रुमाल, खातं यांना हात लावायचा नाही. आणि ही ओळ लिहायला माणसं कुठून आणणार? मोडी, कन्नड, उर्दू, इंग्रजी सगळं वाचणारा माणूस कंत्राटी पगारावर येईल? इंग्रजांच्या सूचीत कन्नड 'कॅनरीज' म्हणून लागलंय, हे तरी त्याला ठाऊक असेल का?

वतनाचा_वाद
आमच्या मोडीवाल्याला ठेवू नका म्हणजे झालं.

साधा_वाचक
चला, रुमाल राहू द्या तुमचा. पोस्टमधलं 'काढा' काढतो. पण खिडकीशेजारी एक पान हवंच: एन.टी., के.डब्ल्यू., फसली अधिक ५९०, शुहूर अधिक ५९९, मृगाआधी एक जास्त, शोलापूर एस-एचनं.

बाळीवेसकर
पान उद्या लिहून देतो. तिथल्या साहेबाची परवानगी काढून ते भिंतीवर चिकटवायचं काम तुमचं. बघू कोण आधी दमतं.