मदत हवी आहे: श्रीलंकेतल्या शिंगवाल्या सरड्याची मादी कशी ओळखायची?

मुंबईतल्या आमच्या निसर्गमंडळाच्या फलकासाठी श्रीलंकेत काढलेले फोटो निवडतेय. हॉर्टन प्लेन्सच्या 2000 मीटरवरच्या जंगलात, शेवाळलेल्या खोडावर सेराटोफोरा स्टोडार्टीचा नर मिळाला. नाकाच्या टोकावर पांढरट, अणकुचीदार शिंग, त्यात शंका नाही. (पानासारख्या शिंगाचा त्याचा भाऊबंद सेराटोफोरा टेनेन्टी श्रीलंकेतल्याच नकल्सच्या डोंगरांतला, म्हणून तो बाद.)

अडलंय दुसऱ्या फोटोपाशी. त्याच झाडावरचा हा सरडा बिनशिंगी. स्टोडार्टीच्या मादीचं शिंग अगदी छोटं असतं किंवा नसतंच, पण तिथेच कोफोटिस सिलॅनिका हा वेगळा, बिनशिंगी सरडाही राहतो. त्याची शेपटी फांदीला विळखा घालते, ही खूण तपासायला गेले तर शेपटी नेमकी खोडाआड! डोकं आणि पाठीचे खवले मात्र स्पष्ट आहेत. मुलांसमोर चुकीचं नाव अजिबात लावायचं नाहीये. शेपटी न बघता, नुसत्या खवल्यांवरून हे दोघे वेगळे ओळखता येतात का, आणि नेमकं काय बघायचं?