'एकच प्याला' वाचताना पदांचे काय करावे?

दादरचा वाचक
दादरला आमचे नऊ जणांचे वाचनमंडळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एका सभासदाच्या घरी जमून, भूमिका वाटून घेऊन आम्ही नाटक मोठ्याने वाचतो. यंदा राम गणेश गडकऱ्यांची सगळी नाटके वाचायचे ठरले आहे. चार पूर्ण नाटके आधी आणि 'राजसंन्यास' व 'वेड्यांचा बाजार' ही दोन अपुरी शेवटी. 'प्रेमसंन्यास' आणि 'पुण्यप्रभाव' वाचून झाली असून आता 'एकच प्याला'ची पाळी आहे, आणि तिथेच आमचे घोडे अडले आहे.

या नाटकातील पदे, म्हणजे गाणी, गडकऱ्यांची नसून वि. सी. गुर्जरांची आहेत, तेव्हा गडकरी वाचायला बसल्यावर ती वाचण्याचे कारण नाही, असे एका सभासदाचे म्हणणे आहे. दुसऱ्यांना वेळेची चिंता आहे, कारण पाच अंकांच्या 'पुण्यप्रभाव'ला आमच्या दोन बैठका लागल्या आणि तरीही डोंबिवलीच्या सभासदांना शेवटचा प्रवेश अर्धवट टाकून गाडी गाठावी लागली. मला पदे गाळणे पटत नाही. पण आमच्यात गाणारे कोणी नाही, आणि पद नुसते वाचले की ते पाठांतर म्हटल्यासारखे ऐकू येते. ज्यांनी हे नाटक असे वाचले आहे, त्यांनी काय केले?

तिसरी घंटा
पदे दुसऱ्याची आहेत हा आक्षेप मला फारसा टिकणारा वाटत नाही. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले आणि गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला' त्यानंतर फेब्रुवारीत बडोद्याला रंगभूमीवर आणले. लेखकाने स्वतः न पाहिलेला तो प्रयोग पदांसहच झाला, आणि बालगंधर्वांनी रंगवलेली नायिका सिंधू लोकांच्या मनात बसली ती गाण्यासकट. पदे काढून जे उरेल ते गडकऱ्यांचे शुद्ध गद्य असेल, हे मान्य. पण लोकांनी पाहिलेले नाटक ते नव्हे.

वेळेचा हिशेबही एकदा घड्याळ लावून करून पाहावा. जुने प्रयोग रात्र रात्र चालत ते आलापांमुळे आणि 'वन्स मोअर'मुळे. छापील पद बहुधा चारसहा ओळींचे असते आणि वाचायला अर्धे मिनिटही लागत नाही. तुमचा वेळ खरा जाईल तो सिंधूच्या दारूच्या आहारी गेलेल्या नवऱ्याच्या, सुधाकराच्या, लांबलचक भाषणांत.

पार्लेकर
आमच्या गटाने हे नाटक वाचले तेव्हा आम्ही आधी सगळी पदे वाचली आणि पहिल्याच अंकात दमलो. चालीत बसवण्यासाठी रचलेले संस्कृत शब्द चाल काढून घेतल्यावर जड होतात, आणि ऐकणारा अर्थ लावेपर्यंत वाचणारा पुढच्या संवादावर पोहोचलेला असतो. त्यामुळे 'तिसरी घंटा' यांचा अर्ध्या मिनिटाचा हिशेब बरोबर असला तरी ते अर्धे मिनिट प्रवेशाची लय मोडते. दुसऱ्या अंकापासून आम्ही प्रत्येक पदाला एकच प्रश्न लावला: हे काढले तर पुढचे वाक्य अधांतरी राहते का? राहत असेल तर पद वाचायचे, एरवी नाही.

एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. 'घास घे रे तान्ह्या बाळा' आले तेव्हा सिंधू वाचणाऱ्या बाईंनी, ज्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आहेत, पुस्तक मांडीवर ठेवले आणि जेवायला टाळाटाळ करणाऱ्या मुलाची समजूत काढावी तशा, चाल न लावता, अगदी खालच्या आवाजात त्या ओळी म्हटल्या. घरात अन्नाची वानवा आणि तोंडी यशोदेचा गोपाळ, हा विरोध सुरावटीत रमल्यामुळे आजवर माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. चिवड्याच्या बशा समोर होत्या, पण बराच वेळ कोणाचा हात पुढे झाला नाही.

मुलुंडचा प्रेक्षक
पदांवर इतका खल करण्यापेक्षा सुधाकराला दारूची चटक लावणारा तळीराम कोणाला देता याचा आधी विचार करावा, असे मी सुचवीन. आर्यमदिरामंडळाचे, म्हणजे दारुड्यांच्या मंडळाचे, प्रवेश वाचताना हौशी माणूस पहिल्या वाक्यापासून झिंगलेला आवाज काढतो आणि सगळा विनोद वाया जातो, कारण तळीरामाची गंमत त्याच्या बरळण्यात नसून दारूच्या बाजूने तो वकिलाच्या वरताण युक्तिवाद करतो त्यात आहे. तो कारकुनासारखा कोरडा वाचावा. सुधाकराची वाक्ये ओळीओळी लांबतात. ती वाचणाऱ्याने श्वास कुठे घ्यायचा त्या खुणा पेन्सिलने घरूनच करून आणाव्यात, नाहीतर ऐन शोकाच्या जागी धाप लागते आणि लोक हसतात. आमच्याकडे हसले होते.

दादरचा वाचक
सर्वांचा आभारी आहे. पार्लेकरांची कसोटी मंडळापुढे ठेवली आणि ती मान्य झाली. गुर्जरांवर आक्षेप घेणाऱ्या सभासदांनीच पदांची छाननी करण्याचे काम अंगावर घेतले आहे. पहिले तीन अंक या शनिवारी आणि उरलेले दोन पुढच्या महिन्यात वाचू. तळीराम बँकेतून निवृत्त झालेल्या सभासदांना दिला आहे, त्यामुळे कोरडेपणाची काळजी नाही. सिंधू अजून कोणी घ्यायला तयार नाही.