खेचरावर ओझं लादायला बायकांनी शिकावं का? नाशिकमध्ये सुरुवात करायची आहे, मतं हवीत

डोंगरवेडी_नाशिक
गेल्या हिवाळ्यात कुलंग किल्ल्याच्या वाटेवर गटातल्या एका दादांनी न विचारता माझी सॅक उघडली आणि निम्मं सामान स्वतःच्या सॅकमध्ये घेतलं. मन चांगलं होतं त्यांचं. पण बारा वर्षं डोंगरात फिरूनही मी ‘सांभाळून न्यायची’ बाईच, हे टोचलं ते अजून गेलेलं नाही.

मध्यंतरी अमेरिकेतल्या पश्चिमेकडच्या डोंगरांबद्दल वाचत होते. १९६४ च्या कायद्याने तिथल्या राखीव रानात मोटार काय, सायकलसुद्धा नेता येत नाही. त्यामुळे आठ-दहा दिवसांचा शिधा, तंबू, भांडी खेचरांवरून जातात, आणि हे काम बायकाही शिकतात. यात दंडातल्या जोरापेक्षा ताणकाटा महत्त्वाचा. दोन्ही बाजूंच्या पेट्या तोलायच्या, अर्ध्या किलोचा फरक राहिला तरी सामान पुन्हा भरायचं. नाहीतर खोगीर एका अंगाला सरकतं आणि पाठ सोलवटते. एका जनावरावर साधारण ७० किलो, त्यावर ताडपत्री, आणि मग दोर असा आवळायचा की वर चौकट उमटते.

आपण आठ-दहा जणींनी हे शिकावं असं मला मनापासून वाटतं. येवल्याला दर मंगळवारी घोडेबाजार भरतो, म्हणजे जनावराची जाण असलेली माणसं जिल्ह्यातच आहेत.

सॅक_पाठीवर
विरोध. सह्याद्रीत याची गरजच नाही. पायथ्याला गाव, वर एखादा मुक्काम. हरिहरच्या कातळपायऱ्या खेचर चढणार आहे का? अलंगला तर माणसालाच दोर लागतो. अंजनेरीच्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका ही वनस्पती उगवते, तिचं नावच त्या डोंगरावरून पडलंय. तिथे खुरं फिरवायची आणि चाऱ्यातून नको ती बियाणी न्यायची? आपलं ओझं आपण उचलावं, न झेपेल ते घरी ठेवावं. सॅक न विचारता उघडली हे चूकच झालं, पण त्यावर खेचर हा उपाय नाही.

जनावरांची_डॉक्टर
माझाही विरोध, कारण वेगळं. ओझ्याच्या जनावरांबद्दल केंद्राचे १९६५ चे नियम आहेत. तट्टाला ७० किलो, गाढवाला ५० आणि खेचराला तब्बल २००. म्हणजे तुम्ही सांगता त्याच्या जवळजवळ तिप्पट आपल्याकडे कायद्यात बसतं. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांवर नको, पारा ३७ अंशांवर गेला की दुपारी बारा ते तीन अजिबात नको. नाशिकचा एप्रिल-मे आठवा. शिवाय ग्लँडर्स. घोडा-गाढव-खेचरांचा हा रोग माणसालाही होतो, त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय कोणाचंही जनावर आणायचं नाही. हौसेसाठी आणखी एका मुक्या जिवाच्या पाठीवर ओझं नको.

त्र्यंबकपल्याड
ताई, आमच्या गावात ट्रेकवाल्यांच्या बॅगा पोरं वर नेतात. दिवाळीनंतर चार महिने तेवढीच रोकड मिळते. खेचर आलं तर ती जाणार. आणि ओझं उचलायला बायकांना शिकवायचं काय? माझी आई उन्हाळ्यात डोक्यावर दोन हंडे घेऊन उतार उतरते.

डोंगरवेडी_नाशिक
दादा, तुमच्या आईचंच उदाहरण घेते. ओझं डोक्यावर असतं तोवर ते बाईचं. तेच जनावराच्या पाठीवर गेलं की कासरा पुरुषाच्या हातात जातो आणि मजुरीही. हे मी लहानपणापासून पाहत आले.

हरिहर, अंजनेरी नको, हे पटलं. पोरांच्या पोटावर पाय देऊन तर काहीच नको. आपल्या किल्ल्यांवर खेचर न्यायचा हट्ट मी सोडते. पण हिमालयातल्या ट्रेकला आपण सगळे जातो. तिथे आपले तंबू, गॅस, तांदूळ खेचरांवरच जातात. सॅक_पाठीवर, तुम्हीही गेला असाल. खोगीर उतरवल्यावर खालची पाठ कधी पाहिलीत? मी पाहिली नव्हती. मागच्या वेळी पाहिली, तळहाताएवढी जखम होती आणि वर आमचं सामान. काय बोलावं तेच कळेना, कारण तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, किती आवळायचा, घोंगडी कशी घालायची, हे मलाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर, म्हणून शिकायचंय.

गोदाकाठ
लमाणांचे तांडे बैलांवर धान्य आणि मीठ लादून याच दख्खनभर फिरले. ओझ्याचं जनावर आपल्या मातीला परकं नाही, एवढंच सांगायचं होतं.

सॅक_पाठीवर
हिमालयात मी गेलोय. पाठ पाहिली नाही, हे कबूल. तरी मत तेच. सामानच कमी न्या, म्हणजे खेचरंही कमी लागतील.

जनावरांची_डॉक्टर
जखम पाहायला शिकायचं असेल तर मी येते. पहिला महिना जनावर नाही. लाकडी घोडीवर खोगीर, दोन गोणी वाळू आणि ताणकाटा. गाठ डोळे मिटून सुटायला हवी, कारण खेचर घसरून पडलं तर दोर चटकन मोकळा करावा लागतो. त्यानंतर चालायला लावून पाय बघणं, पाठीवरून हात फिरवून सूज ओळखणं, नाल तपासणं. ओझं ७० च्या वर गेलं तर मी निघून जाईन.

त्र्यंबकपल्याड
आमच्या गावातल्या दोघींना बिनफी घेणार का? माझी बहीण विचारतेय.

डोंगरवेडी_नाशिक
घेणार. त्यांचा एसटीचा खर्चही आम्ही करू. सुताराला घोडीची मापं द्यायची आहेत. डॉक्टर, खेचराची उंची किती धरायची?