टेट्रिस: तळ सपाट ठेवूनही भोकं पडतात, माझं नेमकं कुठे चुकतंय?

नवशिक्या७

नमस्कार मंडळी. दोन महिने झाले, रोज रात्री अर्धा तास टेट्रिस खेळतोय (वरून पडणारे ठोकळे रचायचे, आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते, तोच खेळ). फोनवरचं नवीन व्हर्जन आहे. पुढचे ठोकळे दिसतात, एक ठोकळा बाजूला राखून ठेवता येतो. सातव्या लेव्हलपर्यंत छान जातो. आठवीत मात्र हमखास एकच गोष्ट होते. मी तळ लादी बसवल्यासारखा सपाट ठेवलेला असतो आणि वरून तो हिरवा नागमोडी ठोकळा येतो. आडवा ठेवा, उभा ठेवा, खाली एक घर रिकामं राहतंच. त्यावर त्याचंच उलटं रूप असलेला लाल आला की अजून एक भोक. मग ती भोकं उघडायच्या नादात पट वरपर्यंत भरतो. वेग वाढला म्हणून होतंय की माझी मांडणीच चुकतेय? मनापासून शिकायचं आहे.

संध्यासावली

वेगाचा दोष नाही. तळ सपाट ठेवताय, तिथेच घोळ आहे. पूर्ण सपाट तळावर हिरव्या आणि लाल ठोकळ्याला भोक न पाडता बसायला जागाच नसते. या दोघांना एका घराची पायरी लागते.

मी भाचीला हे शिकवलं तेव्हा फोन बाजूलाच ठेवला होता. गणिताच्या चौकटीच्या वहीतून सातही आकार कापले, दुसऱ्या पानावर दहा रकाने आखले आणि तिला म्हटलं, घाई नाही, ठेव कुठे ठेवायचंय तिथे. पहिल्याच डावात तिने तळ सपाट केला आणि हिरवा तुकडा हातात धरून बसून राहिली. ‘मावशी, याला घरच नाही,’ म्हणाली. तेव्हा तिला कळलं ते फोनवर महिनाभर खेळून कळलं नव्हतं. (हा खेळ जन्मला तोही असल्याच तुकड्यांतून. अलेक्सेई पाजितनोव यांना पाच-पाच चौकोनांच्या पेंटोमिनो कोड्याची आवड होती. आरशातली रूपं वेगळी मोजली तर पाच चौकोनांचे अठरा आकार होतात, चारांचे सातच. १९८४ साली मॉस्कोत त्यांनी ज्या संगणकावर हा खेळ लिहिला त्यावर चित्रं काढायची सोयच नव्हती, म्हणून ठोकळे कंसांच्या खुणांनी दाखवले होते.)

आता तुम्हीही वही घ्या. डावीकडून रकान्यांची उंची अशी मांडा: ४, ४, ३, ३, ३, २, २, २, ३ आणि शेवटचा दहावा रकाना रिकामा. मध्ये एकही भोक नाही. दिसायला ओबडधोबड आहे, पण प्रत्येक ठोकळा ठेवून बघा. पिवळा चौकोन पाच ठिकाणी बसतो. जांभळा (T सारखा), निळा आणि नारिंगी (L सारखे, एकमेकांची आरशातली रूपं) सपाट तीन घरांवर आडवे बसतात. लाल आडवा ४-३-३ वर किंवा ३-२-२ वर. हिरवा आडवा उजवीकडच्या २-२-३ वर. चार घरांची सरळ आकाशी दांडी आली तर बाजूला राखून ठेवा.

समजा हिरवा तिथे ठेवला. आता सहाव्या रकान्यात एका घराची खाच उरली, दोन्ही बाजूंना ३, मध्ये २. ही खाच बघून घाबरू नका, ती जांभळ्याची जागा आहे. टोक खाली करून सोडा, नेमका बसतो आणि वर सपाट होतं. मला या खेळातलं सगळ्यात आवडतं ते हेच: एका ठोकळ्याने दुसऱ्यासाठी जागा करून ठेवायची.

म्हणून ठोकळा हातात आला की ‘हा कुठे बसेल’ एवढंच विचारू नका. ‘हा बसल्यावर हिरव्याला आणि लालला जागा उरेल का’ हेही बघा. एक पायरी चढती, एक उतरती, एवढं कायम राहू द्या.

खोलीचंही भान ठेवा. एका रुंदीचा खड्डा दोन घरं खोल असेल तर निळ्या किंवा नारिंगीचं वाकडं टोक काठावर टेकवून भरता येतो. तीन घरं खोल झाला की फक्त दांडी. नव्या व्हर्जनमध्ये सातही ठोकळे एका पिशवीत घालून, घुसळून एकेक बाहेर काढल्यासारखे येतात. पिशवी संपली की दुसरी. त्यामुळे एका पिशवीत दांडी पहिली आणि पुढच्या पिशवीत शेवटची आली तर मध्ये बारा ठोकळे जातात. असे दोन खड्डे एकाच वेळी करून ठेवले तर वाट बघण्यातच डाव जातो.

रातकिडा

ताईंनी मांडणीचं सगळंच सांगितलं. मी बोटांबद्दल सांगतो. फिरवायची दोन्ही बटणं वापरताय ना? एकाच दिशेने फिरवत असाल तर डावीकडे एकदा फिरवायच्या जागी उजवीकडे तीनदा फिरवावं लागतं आणि आठव्या लेव्हलला ते महागात पडतं. कडेला न्यायचं असेल तर टकटक करू नका, बटण दाबून धरा. आणि ठोकळा टेकला म्हणजे लगेच चिकटला असं नाही. नव्या व्हर्जनमध्ये साधारण अर्धा सेकंद मिळतो. तेवढ्यात सरकवून छपराखालचं भोकही कधी कधी भरता येतं.

एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. दहावा रकाना रिकामा ठेवून चार ओळी एकदम काढायचा नाद सध्या सोडा. नव्या व्हर्जनमध्ये पहिल्या लेव्हलला एका ओळीचे १०० गुण, चार एकदम काढल्या तर ८००. म्हणजे चार ओळी एकेक करून काढण्यापेक्षा फक्त दुप्पट फायदा. आधी टिकायला शिका.

संध्यासावली

रातकिडा, गुणांचं पटलं. जुन्या निन्टेंडोवर सुरुवातीला एका ओळीचे ४० आणि चारांचे १२०० होते, तिथे रकाना राखल्याशिवाय मोठा स्कोअर होतच नसे. पण रिकामा रकाना मी गुणांसाठी सांगत नाहीये. तो राखला की बाकीच्या नऊ रकान्यांतच विचार करायचा असतो आणि खड्डा कुठे आहे हे आपण ठरवलेलं असतं. ढीग निम्म्यावर आला की मात्र दांडीची वाट बघू नये, मिळेल त्या ठोकळ्याने तो रकाना भरून ओळी काढाव्यात.

आणि नवशिक्या, भोक पडलंच तर त्याच्या वर किती ओळी आहेत ते मोजा. एकच असेल तर तीच आधी पूर्ण करा, भोक उघडं होतं. त्यावर अजून रचत बसू नका.

नवशिक्या७

चार दिवसांनी लिहितोय. वही घेतली, ४-४-३-३-३ वाली मांडणी काढली आणि आकार कापून खरंच ठेवून बघितले. टोक खाली करून जांभळा त्या खाचेत बसला तेव्हा एकटाच ‘अरे वा’ म्हणालो. फोनवर पहिले दोन दिवस उलट आधीच हरलो, कारण प्रत्येक ठोकळ्याला विचार करत होतो. काल अकराव्या लेव्हलपर्यंत गेलो. हिरवा आल्यावर पोटात गोळा येत नाही आता. लाल मात्र अजून डावीकडे शोधत राहतो आणि जागा उजवीकडे असते. त्यावर काही सराव आहे का ताई?

संध्यासावली

आहे. वहीवर फक्त लाल आणि हिरवा, आलटून पालटून दहा ठोकळे ठेवा. आडवे नको, सगळे उभेच. लालला उजवा रकाना एकाने उंच लागतो, हिरव्याला डावा. दोन-तीन वेळा केलंत की नजर आपोआप त्या बाजूला जाईल.