मदत हवी आहे: ३६५ मतं मिळूनही ग्रीन कार्ड विधेयकाचा कायदा का झाला नाही?

नोकरीवरच्या ग्रीन कार्डांची ७ टक्क्यांची देशनिहाय मर्यादा काढणारं विधेयक (एच. आर. १०४४) १० जुलै २०१९ ला अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) हाऊस या सभागृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. दुसऱ्या सभागृहाने, सिनेटनेही २ डिसेंबर २०२० ला आपला मसुदा मंजूर केला. कुठेही पराभव नाही, तरी कायदा नाही. नेमकं कुठे अडलं? सध्याचं एखादं विधेयक कुठे अडकलंय हे आपलं आपण कसं शोधायचं?

प्रतिसाद १

दोन्ही सभागृहांत मंजूर झाला तो मजकूर एकच नव्हता, मेख इथेच आहे. सिनेटच्या मसुद्यात एच-१बी (परदेशी कर्मचाऱ्यांचा तात्पुरता व्हिसा) वर चालणाऱ्या कंपन्यांवर बंधनं आली, चिनी कम्युनिस्ट पक्ष आणि लष्कराशी संबंध असलेल्यांना मनाई आली. राष्ट्राध्यक्षांच्या सहीसाठी दोन्हीकडे शब्दन् शब्द सारखा लागतो. तो जुळवायला जेमतेम महिना होता. ३ जानेवारी २०२१ ला त्या काँग्रेसची दोन वर्षांची मुदत संपली आणि विधेयकही तिथेच संपलं.

हाऊसनंतरचे सतरा महिने गेले सिनेटच्या सर्वसंमतीत. त्या वाटेला मतदान लागत नाही, पण एका सदस्याचा आक्षेप पुरतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये सिनेटर माइक ली यांनी विनंती केली, सिनेटर डिक डर्बिन यांनी आक्षेप घेतला, तिथेच थांबलं.

धागाकर्ता

मग सरळ मतदान का नाही घेतलं? १०० पैकी ६० मतं नक्की मिळाली असती ना?

प्रतिसाद १

मतं मिळालीही असती, पण वेळ मिळत नाही. चर्चा थांबवण्याच्या ठरावाला क्लोचर म्हणतात, ६० मतं त्यालाच लागतात. १६ सिनेटरांच्या सह्या लागतात. सोमवारी अर्ज दिला तर मतदान बुधवारी, आणि ते जिंकलं तरी पुढे ३० तासांपर्यंत चर्चा. विधेयक हाती घ्यायचं की नाही, यावरही फिलिबस्टर (चर्चा लांबवून अडवणूक) होऊ शकतो, म्हणजे हे सगळं दोनदा. एका विधेयकाला दोन आठवडे सहज जातात आणि सभागृहाचा वेळ बहुमताच्या नेत्याच्या हातात. त्याने वेळ दिला नाही, तर विरोधात मत न देताही विधेयक मरतं. मला यातली सर्वांत वाईट गोष्ट हीच वाटते: मतदारांनी जाब विचारावा तर कोणाच्या नावावर काही नोंदच नसते.

६० हा आकडा १९७५ चा. आधी, १९१७ पासून, दोन तृतीयांश लागत, बहुतेक काळ हजर राहून मत देणाऱ्यांचे. आता शपथ घेतलेल्या एकूण सदस्यांचे तीन पंचमांश, त्यामुळे गैरहजर सदस्यही विरोधातच धरला गेल्यासारखा होतो. पूर्वी दक्षिणेतले सनातनी डेमोक्रॅट आणि ईशान्येतले उदारमतवादी रिपब्लिकन पक्षाची रेघ ओलांडत, ६० जमत. आज दोन्ही पक्षांत तसे जवळपास कोणी उरले नाहीत. नियम तोच राहिला, माणसं बदलली.

प्रतिसाद २

रिकन्सिलिएशनची (अर्थसंकल्पाशी निगडित विधेयकांच्या खास प्रक्रियेची) वाट कोणी सुचवेलच, म्हणून आधीच सांगते. तिथे २० तासांची चर्चा आणि साधं बहुमत पुरतं. २०२२ चा महागाई कमी करण्याचा कायदा सिनेटमध्ये उपराष्ट्राध्यक्षांचं मत धरून ५१-५० नेच झाला. पण बर्ड नियमाप्रमाणे तरतुदीचा मूळ हेतू अर्थसंकल्पाशी निगडित हवा. २०२१ मध्ये डेमोक्रॅटांनी स्थलांतराचे तीन प्रस्ताव त्यात घालून पाहिले, सिनेटच्या नियम-सल्लागारांनी (पार्लमेंटेरियन) तिन्ही नाकारले.

शोधायचं असं: काँग्रेस डॉट गव्ह या संकेतस्थळावर विधेयकाचा क्रमांक टाकताना काँग्रेसचा क्रमांकही निवडा (हे ११६ व्या काँग्रेसमधलं होतं), कारण तेच आकडे दर दोन वर्षांनी नव्या विधेयकांना मिळतात. मग ‘ॲक्शन्स’ उघडा. शेवटची नोंद ‘रेफर्ड टु’ असेल तर ते समितीत पडून आहे. ‘प्लेस्ड ऑन कॅलेंडर’ असेल तर ते समितीत अडकलेलं नाही, पण वेळ मिळालेला नाही. ‘क्लोचर नॉट इन्व्होक्ड’ असेल तर ६० जमले नाहीत. सर्वसंमतीवरचा आक्षेप मात्र तिथे बहुतेक दिसत नाही. तो काँग्रेशनल रेकॉर्डमध्ये (कामकाजाच्या अधिकृत नोंदीत) त्या तारखेच्या सिनेट विभागात वाचावा लागतो, आक्षेप घेणाऱ्याच्या नावासकट.