वक्तृत्व स्पर्धेत 'माझा आदर्श : हिटलर', आणि त्याला दुसरा नंबर

खाजणकाठ (धागा यांनी काढला)
परवा अलिबाग तालुक्यात एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. तिघांतली एक. विषय 'माझा आदर्श'. शिवाजी महाराज झाले, कलाम झाले, सावित्रीबाई झाल्या, आणि नववीतला एक मुलगा हिटलर घेऊन उभा राहिला. शिस्त, देशप्रेम, धुळीतून उभं केलेलं राष्ट्र. पाठांतर चोख, आवाज खणखणीत. साठ लाख ज्यू मारले त्याबद्दल अवाक्षर नाही. हॉल टाळ्यांनी दणाणला. मी जेमतेम गुण दिले, उरलेल्या दोघांनी भरभरून. बेरजेत दुसरा नंबर.

त्या मुलावर राग नाही. स्टेट बोर्डात नववीला स्वातंत्र्यानंतरचा भारत, दहावीला उपयोजित इतिहास. हिटलर त्याला भेटतो तो एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर, नाहीतर मोबाइलवर. दोन्हीकडे तो हिरोच असतो.

माझं म्हणणं असं : आठवी-नववीत हा नरसंहार शिकवावाच, आणि आपल्याकडे सुरुवात नवगावच्या किनाऱ्यापासून करावी. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, परंपरेने चालत आलेली गोष्ट. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनवार तेली'. रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर. ज्यांना हिटलरने जगू दिलं नसतं ते आपल्याच गावांची नावं लावतात, हे त्या पोराला ठाऊक असतं तर?

निवृत्त मास्तर
ताई, तळमळ पोचली. पण तास पस्तीस मिनिटांचा असतो. त्यातून हजेरी, खिचडी, कुठला तरी 'दिन' आणि ऑनलाइन माहिती भरणं वजा करा. कोणता धडा काढू ते सांगा, मग जर्मनी घालतो.

दुसरं म्हणजे आपल्याच जिल्ह्यात महाड आहे. २० मार्च १९२७ ला माणसांना तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. तळ्यात जनावरं पाणी पीत होती, त्याला हरकत नव्हती. हे आम्ही चार ओळींत उरकतो. घरचं झाकून युरोपातली पापं पोरांना कशाला मोजायला लावता?

भरडावयलो
मास्तरांचा बरोबर आसा. आमच्या गावात अजून पालखीक खांदो कोणी देवचो आणि लांबसून हात कोणी जोडूचो ता ठरलेला आसा. हिटलर रवांदे बाजूक, आधी ह्या शिकवा.

खाजणकाठ
दोघांनाही : 'आधी हे, मग ते' म्हटलं की दोन्ही राहून जातं, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. महाड शिकवताना वर्गातली अर्धी पोरं खाली मान घालतात आणि अर्धी 'आता तसं काही नाही बाई' म्हणतात. विषय अंगाला लागतो ना. लांबच्या देशातली गोष्ट मोकळेपणाने ऐकतात, आणि मग आपसूक घरापाशी येतात. १९३८ च्या नोव्हेंबरात ज्यू मुलांना जर्मनीतल्या सरकारी शाळांतून काढून टाकलं, एवढंच मी एका वर्गात सांगितलं होतं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग कातकऱ्यांची पोरं वीटभट्टीवर गेली की आपण पटावरून त्यांचं नाव काढतो, तसं?" तसं नाही. पण त्याचं उत्तर द्यायला मला दोन तास लागले.

आंबा घाट
एक बाजूच चालू आहे इथे. हिटलर क्रूर होता, मान्य. पण सुभाषबाबूंना आसरा त्यानेच दिला ना? शत्रूचा शत्रू तो मित्र. आपण आपल्या देशाच्या चष्म्यातून बघायचं की ज्यूंच्या?

तांडेल
आपल्याच देशाच्या चष्म्यातून बघा की. हिटलरने स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की हिंदुस्थान दुसऱ्या कुणापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला त्याला बरा वाटतो. सुभाषबाबूंची आणि त्याची भेट झाली १९४२ च्या मे महिन्यात, एकदाच. पाणबुडी दिली, राज्य नाही दिलं. त्या पोराच्या भाषणात हे वाक्य घातलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या का, विचारा.

सुरंगीचा वळेसर
माझी आजी इस्रायल आळीत भाड्याने राहायची. शेजारणीकडचा मलिदा (पोहे, गूळ, खोबरं, वर फळं) आमच्याकडे यायचा, आमच्याकडची नारळीपौर्णिमेची करंजी तिकडे जायची. हे सगळं खरं. तरी एक सांगते, याचं गोड चित्र करू नका. 'आमच्याकडे ज्यूंना कधी त्रास झाला नाही' हे वाक्य आपण फार चवीने बोलतो. त्रास झाला नाही, कारण आपण त्यांना तेल्यांच्या खणात बसवून टाकलं होतं. आणि त्यांनीही आपल्यात 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' केलेच होते. आपल्या मातीत राहून हा गुण लागणार नाही तर काय.

पुढे ते इस्रायलला गेल्यावर काय झालं तेही सांगा मुलांना. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फतवा काढला : बेने इस्रायलींचं लग्न लावण्याआधी आईकडच्या पिढ्या तपासा, हे खरे ज्यू आहेत का बघा. दोन वर्षं भांडून, जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसून १९६४ मध्ये त्यांनी बरोबरी मिळवली. माझ्या आजीची शेजारीण तिकडून पत्र लिहायची ती मराठीत. पूर्वग्रह शिकवायचा तर मला हा धडा आऊश्विट्झच्या छळछावणीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पाचवा धक्का
आणि गाझा? तो कोण शिकवणार? मुलं रोज रील बघतात. साठ लाखांबद्दल रडायचं आणि आजचं वगळायचं, याला मी शिक्षण म्हणत नाही.

खाजणकाठ
वगळू नका. नरसंहारासाठीचा 'जेनोसाइड' हा शब्दच लेमकिन नावाच्या पोलिश ज्यू वकिलाने १९४४ मध्ये घडवला, ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी त्यावर करार केला, आणि त्याच कराराखाली दक्षिण आफ्रिकेने २०२३ च्या डिसेंबरात इस्रायलला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. हे तीन टप्पे नववीच्या मुलाला नक्की कळतात. मात्र तिथल्या सरकारचा जाब पेणच्या पेणकरांना विचारायला लागलो की आपण पुन्हा १९३३ मध्ये जर्मनीत ज्यूंच्या दुकानांवर घातलेल्या बहिष्कारापाशी येतो.

पाचवा धक्का
पेणकरांना कोणी विचारलं? प्रश्न बदलू नका. तुमच्या आराखड्यात रवांडा आहे का? १९९४, शंभर दिवस, सुमारे आठ लाख माणसं, ओळखपत्रावर जमात लिहिलेली, हुतू की तुत्सी, आणि रेडिओवरून शेजाऱ्यांना 'झुरळं' म्हणणारे निवेदक. गॅस चेंबर नाही, कोयते. आपल्या मुलांना कोयता जास्त कळेल.

खाजणकाठ
नव्हता. घालते.

खडूची भुकटी
मी शिकवून बघितलंय, आणि फसलेय. वर्गाचे दोन गट केले, एकाला पिवळे तारे लावले, दुसऱ्याला हुकूम सोडायला सांगितलं. म्हटलं, अनुभवातून कळेल. पाच मिनिटांत हुकूम सोडणारी पोरं खिदळत होती आणि तारेवाल्यांतली एक मुलगी, जिला एरवीही कोणी डब्याला घेत नाही, खरोखर रडत होती. हा खेळ कधीही करू नका. प्रेतांचे फोटोही नकोत. पोरं एक तर झोपत नाहीत, नाहीतर फोटो फिरवतात. त्यापेक्षा एकाच घराची गोष्ट सांगा : आधी दुकानावर बहिष्कार, १९३५ ला नागरिकत्व गेलं, मग शाळा, मग घर. प्रत्येक पायरीवर शेजारी काय करत होते, हे विचारा.

निवृत्त मास्तर
हे पटलं. तास कुठला काढायचा ते अजून कोणी सांगितलं नाही.

पेणचा मामा
सगळा धागा वाचला. ते भाषण मीच लिहून दिलं होतं. तो माझा भाचा. स्पर्धा जिंकायची तर आवाज चढवता येईल असा माणूस हवा होता, गांधींवर आवाज चढत नाही. यूट्यूबवरून उतरवलं, अर्ध्या तासात. साठ लाखांचं वाक्य त्यात होतं, मीच काढलं. वेळेत बसत नव्हतं.

इथलं सगळं मला पटलंय असं नाही. परीक्षकबाईंनी पोराला मंचावर एक प्रश्न विचारला असता तरी चाललं असतं, नुसते गुण कापण्यापेक्षा.

खाजणकाठ
हे मात्र खरं. विचारायला हवा होता, माझं चुकलं. रविवारी सहावी-सातवीची पोरं घेऊन नवगावला ज्यूंच्या जुन्या कबरस्तानात जातेय, तिथून इस्रायल आळीतलं सिनेगॉग. एसटीने. भाच्याला पाठवता का?

पेणचा मामा
विचारतो त्याला. ढाल परत द्यावी लागेल का, असं तो आत्ताच विचारतोय.